सकाळी सातचा आकडा

एकदा एका तालुक्याच्या गावी एक वृद्ध कारागीर राहत असे. येणाऱ्या-जाणाऱ्यास तो मोठ्या गंभीरपणे सांगे, "विजेवर फिरणारी अशी एकही वस्तू या पंचक्रोशीत नाही, जी या हातांखालून बरी होऊन गेली नाही." मग ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आदर पुरता उमटू देऊन तो पुढे जोडी, "आमच्या घरचा मिक्सर तेवढा सोडा. तो अकरा वर्षं माझी वाट बघतोय. तुमची काकू, म्हणजे आमची बायको, चटणी पाट्यावर वाटते, आणि वाटताना कोणाचं नाव घेते ते मी जवळ जाऊन ऐकलेलं नाही."

त्याचे नाव सुपडू भंगाळे. गाव त्यास सुपडूनाना म्हणे. वय शहात्तर. शिक्षण चौथी, तेही मास्तर दयाळू होते म्हणून. भोवताली केळीच्या बागा असल्यामुळे होळी झाली की विहिरींवरच्या जळालेल्या मोटारी त्याच्या पत्र्याच्या शेडसमोर रांग लावीत. नाना त्यांतली काळी पडलेली तार उपसून नवी तांब्याची तार भरी. इतपत काम कोणीही शिकू शकतो. नानाचे नाव झाले होते ते त्याच्या परीक्षेमुळे. भरलेली मोटार तो लगेच गिऱ्हाइकाच्या हाती देत नसे. पाण्याच्या टाकीवर, पुऱ्या ओझ्याखाली, ऐन उन्हात ती तीन तास चालवी. मग तिच्या पाठीवर तळहात ठेवून दहा आकडे मोजी. दहापर्यंत हात टिकला तर मोटार पास. सहा-सातलाच उचलावा लागला तर पुन्हा खोलायची. गिऱ्हाईक घाई करू लागले की नाना त्याचाच हात मोटारीवर ठेवून म्हणे, "मोज तू."

आणि खोड्या. नव्या शिकाऊला पहिल्या दिवशी बाजारातून अर्धा किलो व्होल्टेज आणायला धाडणे हा त्याचा कुळाचार होता. अवघ्या तालुक्यातले मिस्त्री कधी ना कधी रिकामी पिशवी घेऊन दुकानोदुकानी हिंडून आले होते. अपवाद एकच. तीस वर्षांपूर्वी शेजारची एक नऊ वर्षांची मुलगी सुट्टीत नानाकडे तार गुंडाळायला बसू लागली. तिलाही नानाने धाडले. ती घटकाभराने परत आली, आणि झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा डबा त्याच्यापुढे ठेवून म्हणाली, "मोजून आणलंय. झाकण उघडू नका, उडून जाईल." त्या दिवसापासून नाना तिला आपली शिष्या म्हणवू लागला. तो डबा त्याने उघडला नाही. अजून त्याच्या फळीवर आहे.

ती मुलगी म्हणजे नूतन. आता ती गावातल्या कर्णबधिर मुलांच्या निवासी शाळेत चित्रकला शिकवीत होती, आणि नाना तिला 'मास्तरीण' म्हणून चिडवीत होता.

एप्रिलअखेरच्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, ती घामाघूम होऊन शेडमध्ये आली.

"नाना, एखादा जुना मोठा कूलर पडलाय का? घरचा पुरत नाही."

"कोणाला पुरत नाही? तू तर काडी आहेस."

"मला नाही. कॉम्प्युटरला."

नानाने हातातली तार खाली ठेवली. "म्हणजे मास्तरीण घामात आणि डबा गारव्यात. अगं, जावई आहे का तो?"

नूतन हसली नाही. तेव्हा नानाने तिच्याकडे नीट पाहिले आणि स्टूल पुढे सरकवले.

गोष्ट अशी होती. शाळा सातवीपर्यंतच. सातवीची नऊ मुले शुक्रवारी, निकालाच्या दिवशी, प्रगतिपुस्तक घेऊन आपापल्या गावी जाणार होती. पुन्हा एकत्र येणार नव्हती. या नऊ जणांनी मिळून एक गोष्ट रचली होती. एक शेळी शाळेची घंटा पळवून नेते आणि चार दिवस कोणाला पत्ताच लागत नाही, कारण ती घंटा कोणी ऐकतच नसते. स्वतःची अशी थट्टा करायला मुलांनी बाईंकडे परवानगी मागितली नव्हती, आणि बाईंनीही ती का घेतली नाही, असे विचारण्याचा शहाणपणा केला नव्हता. नूतनने त्या गोष्टीचा सहा मिनिटांचा चित्रपट करायला घेतला. त्यातली शेळी, शिपाई, मुख्याध्यापक, सगळे हातांनी बोलत. मुलांनी खुणा करून दाखवायच्या, तिने संगणकावर त्या हातांना आकार द्यायचा. असे वर्ष गेले. आता शेवटचे काम यंत्राचे होते. चार हजारांवर चित्रे, एकेक करून, छायाप्रकाशासह त्याला पूर्ण करायची होती. दोन दिवस दोन रात्री अखंड चालावे इतके काम. शुक्रवारी मुले शाळेच्या पडद्यावर ते पाहणार होती.

"मग अडलं कुठं?" नानाने विचारले.

"गोठतंय. सकाळी लावून शाळेत जाते, परत आले की बंद पडलेलं असतं. आणि बंद पडण्याआधीची चित्रं..." तिने मोबाइल पुढे केला. चित्रात शेळी शिपायाला काहीतरी सांगत होती. तिच्या उजव्या हाताच्या जागी एक काळा चौकोन होता.

"हात कुठं गेला?"

"तापलं की हिशेबात चुकतं, काळे ठिपके टाकतं. दुसऱ्या कोणाच्या सिनेमात चाललं असतं, नाना. आमच्याकडे हात गेला की शब्द गेला."

नानाने मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन तो चौकोन पाहिला. मग म्हणाला, "याला पळवलंय कोणी? कंपनीनं असं धावायला सांगितलं नसणार."

नूतनने मान खाली घातली. पुण्याच्या मावसभावाने जानेवारीत येऊन यंत्राचा वेग वाढवून दिला होता. ओव्हरक्लॉक म्हणतात त्याला. कंपनीने नेमून दिलेला वेग चार पूर्णांक तीन गिगाहर्ट्झ. भावाने व्होल्टेज चढवून तो पाच पूर्णांक दोनवर नेला, पडद्यावर आलेल्या आकड्याचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. एकोणतीस जणांनी अंगठे दाखवले.

"फोटो काढला तेव्हा किती वाजले होते?"

"त्याचा काय संबंध?"

"मास्तरीण, प्रश्न मी विचारला."

नूतनने आठवून सांगितले. "सकाळचे सात असतील. थंडी होती. खिडकी उघडी होती, डब्याचं झाकण पण काढून ठेवलं होतं."

"आणि पळालं किती वेळ?"

"पाच मिनिटं."

"उद्या सातला येतो," नाना म्हणाला. "पोहे कर. कांदा भरपूर."

दुसऱ्या दिवशी, रविवारी, नाना तिच्या दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोहोचला. जिन्यात तो तीनदा थांबला. प्रत्येक वेळी कठडा हलवून पाहत म्हणाला, "ढिला आहे." कठडा पक्का होता. नूतनच्या ते लक्षात आले.

यंत्र कोपऱ्यात भिंतीच्या कोनाड्यात होते. एका बाजूचे झाकण काढलेले. कूलर सरळ त्याच्या तोंडासमोर, आणि बोअरच्या जड पाण्याची ओली हवा आत जाऊन जाऊन यंत्राच्या पत्र्यावर पांढरे डाग पडलेले. नानाने बोट फिरवले आणि चाटून पाहिले. "खारट. छान मुरलाय." मग त्याने यंत्र पाच मिनिटे पळवायला सांगितले. पडद्यावर पाच पूर्णांक दोन झळकले, उष्णता एक्क्याऐंशी. सकाळच्या गार वेळी सगळे कसे सुंदर चालले होते.

नूतनला वाटले, आता हा काहीतरी उघडेल, तपासील. पण नाना पोहे खाऊन गादीवर आडवा झाला. नऊ वाजले, अकरा वाजले. मध्येच उठून त्याने रंगाच्या ब्रशने यंत्रातली धूळ झाडली आणि पुन्हा लवंडला. बारा वाजता नूतन म्हणाली, "नाना, पाच दिवस राहिलेत." नाना डोळे मिटूनच म्हणाला, "सूर्याला घाई करता येते का, बघ तूच."

दोन वाजता तो उठला. बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता, रस्त्यावर कुत्रे नव्हते. आणि मग वृद्धाने जे केले ते शिष्येच्या बुद्धीस पटेना. त्याने कूलर बंद केला. खिडकी लावली. दार लावले. यंत्राचे झाकण आणून चारही स्क्रू पिळले. कोनाड्याचा पडदाही ओढला. आणि म्हणाला, "आता लाव. सगळ्यात जड चित्र लाव. ते शेळीचं."

"नाना, मरेल ते."

"लाव."

तिने लावले. नव्वद. चौऱ्याण्णव. अठ्ठ्याण्णव. पंखे ओरडू लागले. शंभरला यंत्राने आपणहून वेग उतरवला, पाच पूर्णांक दोनचे चार झाले, तरी उष्णता हटेना. अकराव्या मिनिटाला पडदा गोठला. मग यंत्रच बंद पडले, पंखे थांबले. दोघांच्या अंगावरून घामाचे ओघळ चालले होते.

नूतनच्या डोळ्यांत पाणी आले. "मी तुम्हाला दुरुस्तीला बोलावलं होतं. मारायला नाही."

"मेलं नाही," नाना म्हणाला. "पहिल्यांदा खरं बोललं."

मग तो पंख्याखाली बसला, पदराने वारा घेतल्यासारखा धोतराच्या सोग्याने वारा घेतला, आणि जे बोलला ते असे:

"हे बघ. सकाळी सातला मीसुद्धा पंचवीस वर्षांचा असतो. तेव्हा कोणी मला विचारलं तर मी काहीही कबूल करतो. तो आकडा खोटा नसतो, पण तो आपल्या कामाचा नसतो. तो लोकांना दाखवायचा असतो. तुझं काम आहे दोन दिवस, दोन रात्री. त्यात दोन दुपारी येणारच, आणि तू घरात नसणार. म्हणून विचारायचं ते दुपारी दोनला, दार लावून, ओझं डोक्यावर ठेवून. तेव्हा ज्या वेगानं ते न धापता चालेल, तोच त्याचा वेग. मोटार असो, बैल असो, माणूस असो. बाकीचं सगळं फोटो काढण्यापुरतं."

नूतनने डोळे पुसले. "म्हणजे होतं तसं करायचं? कंपनीच्या आकड्यावर?"

"कंपनी काय तुझ्या खोलीत राहते? ती भित्री, तुझा भाऊ बढाईखोर. खरं काय ते मधे कुठेतरी आहे. ते हातानं शोधायचं. एकेक पायरी उतर. आणि ते अर्धा किलो व्होल्टेज आहे ना, तेही काढ थोडं थोडं. वेगापेक्षा तेच जास्त जाळतं."

मग शोध सुरू झाला. यंत्र कोनाड्यातून निघून स्टुलावर आले, पाठ भिंतीपासून वीतभर दूर. झाकण मात्र नानाने काढू दिले नाही. "पुढच्या पंख्यानं हवा आत, मागच्यानं बाहेर. बाजू उघडी ठेवलीस तर ती मधेच गप्पा मारत बसते." मग पाच. मग चार पूर्णांक नऊ. चार पूर्णांक आठला काळा चौकोन पुन्हा आला, पण तासाभराने. दरवेळी नाना पत्र्यावर तळहात ठेवी आणि ओठांत मोजी. नूतन पडद्यावरची उष्णता वाचे. गंमत अशी, की दोघांची उत्तरे जुळत. एकदा तिने व्होल्टेज फारच उतरवले, तर यंत्र थंडगार असतानाच गोठले. "आता उपाशी मारलंस," नाना म्हणाला. "चिमूटभर परत घाल."

सोमवारी शाळा सुटल्यावर पुन्हा तेच. दुपारी दोनला, दार लावून, चार पूर्णांक सातवर यंत्र चालू झाले. तीन वाजले. चार वाजले. उष्णता एकोणऐंशीवर येऊन जी बसली ती हलेना. पंख्यांचा आवाजही एकसुरी झाला. पाचला नानाने तळहात ठेवला, दहापर्यंत मोजले, आणि उगीच विसापर्यंत मोजत राहिला.

नूतनने झालेली चित्रे मोजली आणि पुन्हा मोजली. पाच पूर्णांक दोनवर पहिल्या तासाला शंभर होत, मग यंत्र तापून सत्तरावर येई, मग बंद. आता दर तासाला अठ्ठ्याऐंशी. पहिल्या तासाला अठ्ठ्याऐंशी, तिसऱ्या तासालाही अठ्ठ्याऐंशी. आणि प्रत्येक चित्रात दोन्ही हात होते.

"आता खिडकी उघड," नाना म्हणाला, "आणि कूलर तुझ्याकडे फिरव. परीक्षा झाली. अभ्यासाला बसताना कोणी उपाशी बसत नाही."

बुधवारी संध्याकाळी काम संपले. मधल्या दोन दिवसांत नूतन शाळेत निर्धास्त शिकवीत होती, आणि घरी आल्यावर आधी कुलूप काढून आतला एकसुरी आवाज ऐकायची, मग चपला काढायची.

शुक्रवारी शाळेच्या सभागृहात पडदे ओढले गेले. नाना मागच्या बाकावर बसला होता. त्याला खुणा कळत नव्हत्या. पण शेळी शिपायाला काहीतरी म्हणाली आणि सगळे सभागृह हसून हलले, तेव्हा त्याने शेजारच्या मुलाला कोपराने ढोसून हातवाऱ्यांनी विचारले, काय म्हणाली? मुलाने त्याला ती खूण करून दाखवली. नानाने ती केली. चुकली. मुलाने त्याची बोटे धरून नीट लावून दिली. शेवटी टाळ्यांऐवजी नऊ जणांचे अठरा हात वर झाले, आणि हवेत पानांसारखे हलू लागले. नूतन भिंतीशी उभी होती. तिनेही हात वर केले, पण डोळे पुसायला तिला ते लवकर खाली घ्यावे लागले.

दुसऱ्या दिवशी ती नानाला घरी केलेला शिरा द्यायला गेली. दुपारची वेळ. पत्र्याची शेड भट्टीसारखी तापली होती. तिच्या कामात गेलेल्या दोन दिवसांत मोटारींची रांग वाढून अकरावर गेली होती, आणि नाना मधोमध तार ओढत बसला होता. पलीकडच्या गल्लीतल्या तरुण मिस्त्रीने त्यातल्या पाच भरायला नेण्याची तयारी दाखवली होती. नानाने त्याला अर्धा किलो व्होल्टेज आणायला सांगून वाटेला लावले होते.

"बस, मास्तरीण," नाना म्हणाला. शिऱ्याचा डबा घेऊन त्याने तो चटकन मांडीवर टेकवला. "बागा वाळतायत लोकांच्या. बुधवारपर्यंत अकराच्या अकरा भरून देतो. एकटा. चौऱ्याऐंशी साली तेरा भरल्या होत्या चार दिवसांत, विचार कोणालाही."

नूतन त्याच्या मागे जाऊन उभी राहिली. घामाने भिजलेल्या सदऱ्यावर, दोन खांद्यांच्या मधोमध, तिने आपला तळहात ठेवला. त्याखाली श्वास भराभर चालला होता. ती ओठांत मोजू लागली. नाना तार ओढायचा थांबला.

"नाना," ती म्हणाली, "हा अकराचा आकडा सकाळी सातचा आहे, की दुपारी दोनचा?"